अनंतभाईंची चिलटं

आमच्या वाडीत कुणाच्याही घरी गेलात तर आधी पाणी मिळतं, मग गुळाचा खडा, आणि मग 'जेवूनच जावा' हा आग्रह. अनंतभाईंच्या घरी आधी चिलटं मिळतात.

तुम्ही पायरीवर पाय ठेवलात की भाई आतून एक लांबट काचेची नळी घेऊन पडवीत येतात. नळीच्या तोंडाला जुन्या धोतराचा पातळ तुकडा बांधलेला आणि आत मूठभर चिलटं. पिकल्या केळ्यांवर, फणसाच्या सालींवर घोंगावणारे ते लाल डोळ्यांचे बारीक जीव. आपण त्यांना हाताने वारतो, भाई त्यांना पाळतात. ती नळी ते तुमच्या खांद्यापाशी धरून थोडा वेळ थांबतात, आणि मग हलकेच टेबलावर आपटतात. टक! चिलटं तळाला पडतात. तुम्ही अजून उभेच असता. भाई चष्मा कपाळावर सरकवून नळीकडे बघत राहतात. चिलटं काचेला धरून भराभर वर चढली, तर "ये, बस" म्हणतात. रेंगाळली, तर तुम्हाला विहिरीवर जाऊन हातपाय धुवावे लागतात.

एकदा एक विमा एजंट आला होता. बिचारा अत्तराचा फाया नव्हे, अख्खी बाटली लावून आला असावा. चिलटं अर्ध्यावर चढून घसरली. भाईंनी त्याला अंगणाच्या पार टोकाला, माडाच्या बुंध्यापाशी खुर्ची दिली आणि स्वतः पडवीत बसून राहिले. तो तिथून ओरडून पॉलिसीचे फायदे सांगत होता आणि भाई इथून ओरडून विचारत होते, "ह्या अत्तरात काय घालतत, तां इचारलंस काय कधी?" आयुष्याचा विमा विकायला आलेल्या माणसाला आपलं स्वतःचं आयुष्य धोक्यात असल्याचं प्रथमच कळलं. तो परत आला नाही.

अनंत पेडणेकर हे त्यांचं पूर्ण नाव. तालुक्याच्या कॉलेजात जन्मभर प्राणिशास्त्र शिकवलं, आणि निवृत्त झाल्यावर माणसं जशी नामस्मरणाला लागतात तसे हे काही वर्षांनी चिलटांना लागले. मूलबाळ नाही. सुमतीवयनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, जाऊन आता बरीच वर्षं झाली. मी त्यांचा शेजारी, बाबल. आमच्या दोन घरांमध्ये एक कुंपण आणि एक सामायिक विहीर आहे. भांडायला एवढं पुरतं. माझी सगळी नोकरी एसटीच्या डेपोत गेली. लाऊडस्पीकरवरून गाड्या पुकारणं हे माझं काम. त्यामुळे माझा आवाज एकदा जो चढला तो चढलाच. भाई मला चिलटांच्या परीक्षेत कायम नापास करतात. म्हणतात, "तुझ्या फुफ्फुसात अजून खारेपाटण गाडीचो धूर आसा, बाबल."

शास्त्र सांगायचं असेल तेव्हा मात्र भाई कॉलेजातल्यासारखे प्रमाण मराठीत शिरतात. आवाजही बदलतो. "हे बघ, चिलटाचा एक उपजत स्वभाव आहे. त्याला खाली पाडलं की ते वर चढतं. कुणी शिकवावं लागत नाही. पण हवेत काही विषारी मिसळलेलं असेल, तर परिणाम आधी त्याच्या चढण्यावर दिसतो. ते हळू होतं, अर्ध्यावर थांबतं, घसरतं. मरण्याच्या कितीतरी आधी ते आपल्याला सांगत असतं." आणि मग एकदम घरच्या बोलीत उतरून, "माणूस असा सांगणा नाय. माणूस मेल्यार डॉक्टर सांगता."

पक्क्या परीक्षेला मात्र दोन नळ्या लागतात. एक संशयित हवेत ठेवायची, दुसरी तुळशीच्या कट्ट्यावर, समुद्रावरून येणाऱ्या स्वच्छ वाऱ्यात. या दुसऱ्या नळीला भाई 'साक्षीदार' म्हणतात. साक्षीदार चढला आणि आतला पडला, तर गुन्हा सिद्ध. दोन्ही नळ्यांतली चिलटं एकाच वयाची असावी लागतात, कारण म्हातारी चिलटं तशीही चढत नाहीत. मी एकदा म्हटलं, "भाई, तुमी पण देवळाच्या दोन पायऱ्यांर थांबतास." ते म्हणाले, "म्हणान तर मी साक्षीदार नाय, नुसतो मास्तर आसंय."

त्यांचं ब्रीदवाक्य म्हणजे "चिलटाक इचार." कोणती उदबत्ती चांगली? चिलटाक इचार. डासांची कॉइल लावावी का? चिलटाक इचार. आमच्या ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत कुणाला मत द्यावं, असं मी विचारलं तेव्हाही ते सवयीने तेच म्हणाले, आणि मग विचार करून म्हणाले, "उमेदवारांक एक एक करून हडे, माझ्या पडवीत पाठय."

हे सगळं त्यांनी स्वतःच्या पडवीपुरतं ठेवलं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. पण विद्या दिल्याने वाढते म्हणतात, आणि भाई द्यायला निघाले. किनाऱ्यालगत आमच्या दिगूने पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्या आहेत. त्याने भिंतीवर एक यंत्र बसवलं, जे थोड्या थोड्या वेळाने फुस्स करून कसला तरी विलायती फुलांचा वास सोडतं. भाईंना हे कळलं मात्र, ते नळी घेऊन हजर. पाहुणे विजयदुर्ग बघायला गेले होते. भाई खोलीत शिरले, पलंगाशेजारी उकिडवे बसले आणि टकटक सुरू झाली. पाहुणे लवकर परतले. पुण्याच्या त्या बाईंनी दार उघडलं आणि जी किंकाळी फोडली, ती बंदरावर जाळी सुकवणाऱ्यांनी ऐकली. त्यांनी दिगूच्या खोल्यांबद्दल मोबाईलवर जाहीर अभिप्राय लिहिला, की जेवण उत्तम, समुद्र उत्तम, परंतु खोलीत माशा होत्या आणि एक वृद्ध गृहस्थ त्यांना काहीतरी विचारत होते. दिगू आजही भाई दिसले की रस्ता बदलतो. यंत्र मात्र त्याने काढून टाकलं, कारण चिलटं खरोखरच पडली होती आणि खोल्या झाडायला त्याची आईच जाते.

गणपतीत तर कहर. आमच्या वाडीची भजनी मंडळी घरोघर जाते. भाईंच्या घरी मंडळी बसली, पखवाज लागला, बुवांनी आलाप घेतला, आणि भाई उठून म्हणाले, "वायच थांबा." दहा उदबत्त्यांचा जुडगा कुणीतरी एकदम पेटवला होता. नळी मखराशेजारी ठेवण्यात आली. मंडळी टाळ हातात धरून चिलटांकडे बघत बसली. बुवा आमचे तोंडाने फाटके. म्हणाले, "भाई, गणपतीच्या म्होरे उंदीर बसता तां आमका म्हायत होता. ही चिलटां खंयच्या पुराणातसून इली?" सगळी पडवी हसली. भाईही हसले, पण उदबत्त्या बाहेर नेऊनच खाली बसले.

आता गंमत बघा. जगातल्या प्रत्येक वासावर संशय घेणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घरात पाऊल ठेवणं कठीण होतं. चिलटांना खायला घालायचं म्हणून पिकली केळी कुस्करून, त्यात गूळ घालून, ते आंबायला ठेवलेलं असे. एक नाही, घरभर बाटल्या. त्या घराचा वास दारूच्या भट्टीसारखा यायचा. रस्त्याने जाणारा एखादा पिणारा थबकून आशेने आत बघायचा. आणि भाई त्यात बसून शांतपणे चहा प्यायचे. मी मनात म्हणायचो, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

आणखीही विक्षिप्तपणा होता. मासळीवाली दारात आली की भाई बांगडा उलटापालटा करायचे, कल्ले उघडून बघायचे, बोटाने दाबायचे, आणि मग कुंपणावरून मला हाक मारायचे. "बाबल, बघ मरे हो बांगडो. कसो वाटता?" मी तिथूनच नाक उडवून सांगायचो, "शिळो आसा!" मासळीवाली मला शिव्या घालायची. मला वाटायचं, प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकाला साधा बांगडा कळू नये म्हणजे कॉलेजात पोरं काय शिकली असतील?

असं हे आमचं हसतखेळत चाललं होतं. त्यात माझ्या मृणालचं बाळंतपण आलं.

मृणाल माझी एकुलती एक मुलगी. खारेपाटणच्या घरात दिली, नवऱ्याबरोबर पुण्याला असते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. लग्नानंतर किती वर्षांनी हा दिवस आला होता, आणि मधल्या काळात एकदा आशा लागून ती विरलीही होती. त्यामुळे मी ठरवलं होतं की पोरीला कशाची कमी पडू द्यायची नाही. माजघरालगतची खोली रिकामी केली. भिंतींना ऑइलपेंट दिला. चौकटींना वाळवी लागली होती, तिथे औषध मारून घेतलं. मी ज्यात झोपलो तो लाकडी पाळणा माळ्यावरून काढून त्याला चकचकीत पॉलिश केलं. आणि हे सगळं झाल्यावर खिडक्या घट्ट लावून घेतल्या. कारण आमच्या वाडीतल्या सगळ्या बाळांना न्हाऊ घालणारी काशीबाय येऊन बजावून गेली होती, "बाळंतिणीक वारो लागता नये. आत्तापासून खोली बंद ठेय, ऊब धरूक व्हयी."

भाई आले ते दोन नळ्या घेऊनच. "दुपारभर ठेवतंय," म्हणाले. शालन, माझी बायको, म्हणाली, ठेवू दे, आपलं काय जातंय. एक नळी पाळण्यात ठेवली. साक्षीदार आमच्या तुळशीपाशी.

चहाच्या वेळी भाईंनी पाळण्यातली नळी बाहेर आणली आणि टेबलावर आपटली. टक. काही झालं नाही. पुन्हा टक. एका चिलटाने पाय हलवला, बाकीच्यांनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत. मग साक्षीदार आणला. तो टक म्हणताच वर.

"बाबल, ह्या खोलयेत चेडवाक निजवू नको," भाई म्हणाले.

मी म्हटलं, "भाई, औषध मारलंय तां जीव मारूकच. चिलटां मेली नसती तर मी दुकानदाराक जाब इचारूक गेलो असतंय."

त्यांनी विनोदाकडे लक्ष दिलं नाही. "येवचा बाळ तुझ्यापरास चिलटाच्या जवळचा आसा. तेचो श्वास केवढो, तू बघलंस काय? खिडक्ये उघड. म्हयनोभर उघड्ये ठेय. चेडवाक भायरच्या खोलयेत निजव."

बाहेरच्या खोलीत म्हणजे रस्त्याशेजारी, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेत! आणि मृणाल दोन दिवसांत येणार होती. पंधरा दिवस राबून केलेली ती खोली, आणि तिचा निकाल लावणार कोण तर केळ्यावरची चिलटं! माझं डोकं फिरलं. मी लाऊडस्पीकरच्या आवाजात म्हणालो, "भाई, तुमच्या घरात कुजक्या केळ्यांचो वास मारता, थंय तुमी मजेत रवतास. आणि माझ्या रंगाच्या वासान तुमची चिलटां मरतत?"

भाई थबकले. मग त्यांनी जे विचारलं ते मला चेष्टाच वाटली. "रंगाचो वास येता काय मरे खोलयेत?"

"येता काय म्हणान काय इचारतास? डोळ्यांतसून पाणी येता!"

"आणि माझ्या घरात... केळ्यांचो?"

"रस्त्यार येता भाई! सगळी वाडी नाक धरून जाता."

भाईंनी मेलेल्या चिलटांची नळी खिशात घातली, साक्षीदार तिथेच विसरले आणि कुंपणाच्या फटीतून निघून गेले. मी विजयी मुद्रेने चहाचा घोट घेतला. शालन म्हणाली, "तुमी चुकीचा बोललास." मी म्हटलं, "खरा तांच बोललंय." ती म्हणाली, "तांच चुकीचा."

दुसऱ्या दिवशी भाई दिसले नाहीत. मासळीवाली आली, कुंपणावरून हाक आली नाही. दुपारी शालनने माझ्या एका हातात कुळथाच्या पिठीचं भांडं दिलं आणि दुसऱ्या हातात साक्षीदार. "नेऊन द्या, आणि आवाज बारीक ठेवा," म्हणाली. हे म्हणजे समुद्राला लाटा आवरायला सांगण्यासारखं होतं.

मी भाईंच्या पडवीत पोचलो आणि थांबलो. काहीतरी चुकत होतं. केळ्यांचा वास नव्हता. सगळं घर फिनेलने धुतलेलं, आंबवणीच्या बाटल्या रिकाम्या करून, घासून अंगणात उन्हात ओळीने उपड्या घातलेल्या. चिलटांची एकच बाटली कट्ट्यावर होती, तीही फडक्याने झाकलेली. भाई खुर्चीत बसून चष्मा पुसत होते. पाठ दुखत असावी, कारण एक हात कमरेवर होता.

आणि त्या फिनेलच्या वासाच्या पोटातून दुसरा वास येत होता. मी भांडं खाली ठेवून आत धावलो. स्वयंपाकघरात धूर भरला होता. पातेल्यातलं दूध आटून, करपून, काळं होऊन तळाला चिकटलं होतं, आणि गॅस सुरूच होता. मी गॅस बंद केला, खिडकी उघडली, आणि खोकत बाहेर आलो.

"भाई, दूध करपला! घर जळात होता! वास नाय इलो तुमका?"

"नाय," भाई म्हणाले. मग चष्मा डोळ्यांवर चढवून म्हणाले, "माका वास येणा नाय, बाबल. कसलोच. गेली कितीतरी वरसां."

मी खाली पायरीवर बसलो.

ते थोडं थोडं सांगत गेले. कॉलेजची प्रयोगशाळा कोंदट होती. बेडूक, मुशी, साप, सगळे फॉर्मालिनच्या बरण्यांत. आयुष्यभर त्या बरण्यांवर वाकून पोरांना दाखवलं. आधी डोळ्यांतून पाणी यायचं, नाक झोंबायचं. मग झोंबायचं बंद झालं. "माका वाटला, सवय झाली. खूश झालंय मी. मगे एक दिस सुमतीन सुरंगीचो वळेसर माळलो, माझ्या म्होरे उभी रवली, आणि माका कायच इला नाय."

सुरंगीचा वळेसर, म्हणजे आमच्याकडच्या त्या पिवळ्या फुलांचा गजरा, एका घरात माळला तर शेजारच्या घराला कळतो.

"मगे सगळा ती सांगा. दूध लागला, मासो शिळो, पावस येतासा, काजू फुललो. चार माणसांत बसललो आसलंय तर कानाकडे येऊन हळूच सांगायची. कोणाक कधी कळूक दिला नाय तिणा. ज्या मास्तरान पोरांक नाक शिकवला, तेका नाक नाय म्हटल्यार लोक हसतले, ह्यां तिका कळत होता."

ती गेल्यावर भाईंनी तिच्या साड्यांच्या कपाटात डांबरगोळ्या घातल्या, कसर लागू नये म्हणून. वास राहिला की उडाला ते कळायला मार्ग नाही. म्हणून दर आठवड्याला आणखी घालायच्या. त्याच खोलीत ते झोपत. डोकं सारखं दुखायचं, मळमळायचं, अन्न जात नसे. "माका वाटला, दुःख म्हणतत तां ह्यांच आसात. बायल गेल्यार असाच होता आसतला. कोणाक इचारतलंय?"

मग एका सकाळी, तिच्या फोटोपुढे ठेवलेल्या केळ्यांभोवती चिलटं पडलेली दिसली. "एक जिवंत होता. भिंतीर चढूक बघा, पडा. परत चढा, परत पडा. मी म्हटलंय, अरे, ह्यां माका कायतरी सांगता हा. कपाट उघडलंय. गोळयेच गोळये. सगळे भायर टाकलंय, खिडक्ये उघडलंय. चार दिसांत डोक्याची कळ गेली." भाईंनी कट्ट्यावरच्या बाटलीचं फडकं सारखं केलं. "दुःख रवला. पण तां येगळा होता."

मला फार वाईट वाटत होतं, आणि ते कसं सांगायचं याचा मला डेपोत कधी सराव झाला नव्हता.

"म्हणान चिलटां," भाई म्हणाले. "जां सुमती सांगा तां आता कोणी तरी सांगूक व्हया ना? तेंका बोलूक येणा नाय, पण खोटा तरी सांगणत नाय. फक्त, तेंचोच वास रस्त्यार जाता, तां मात्र तेणी सांगूक नाय." आणि ते हसले. मी हसू शकलो नाही. मी साक्षीदार त्यांच्या हातात दिला, घरी आलो आणि नव्या खोलीच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. एक खिडकी रंगाने चिकटली होती, तिला लाथ घालावी लागली.

मृणाल आली, तिला बाहेरच्या खोलीत ठेवलं. पाळणा अंगणात उन्हावाऱ्यात टाकला, आणि महिनाभर तिथेच ठेवला. काशीबायने येऊन ते दृश्य बघितलं आणि तिच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "बाळंतिणीची खोली उघडी, पाळणो अंगणात! आणि ह्यां कोणी सांगला, तर चिलटांनी! शिरा पडो त्या चिलटांर!" पण मृणालने मोबाईलवरून तिच्या पुण्याच्या डॉक्टरणीला विचारलं, आणि डॉक्टरीणही चिलटांच्याच बाजूची निघाली.

यथावकाश मालवणच्या इस्पितळात मृणालला मुलगी झाली. दोघी सुखरूप घरी आल्या. मी वाडीभर जे ओरडत सुटलो, त्याला लाऊडस्पीकर लागला नाही.

भाई भेटायला आले आणि काशीबायची धुरी बघून दारातच थांबले. आमच्याकडे न्हाऊन झालं की बाळाला निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग, लसणीची सालं टाकून धुरी देतात. भाईंच्या खिशातून नळी निघाली. काशीबाय कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "चिलटांक पण धुरी? मगे तेल लावन न्हावक पण घालतंय तेंका!" परीक्षा झाली. दार-खिडकी बंद असताना चिलटं पेंगली. खिडकी उघडून, शेगडी तिच्यापाशी नेऊन, चिमूटभरच ओवा टाकला तेव्हा सरसर चढली. काशीबाय वाडीत सांगत सुटली की तिची धुरी सायन्समध्ये पास झाली. भाई मला म्हणाले, "धुरी नाय, खिडकी पास झाली. पण आसांदे, सांगा नको तिका." धुरीची शेगडी मात्र तेव्हापासून उघड्या खिडकीतच राहिली.

बारशाच्या दिवशी घर माणसांनी भरलं. पाळणा आत आला होता, आणि सकाळी त्यात ठेवलेली चिलटं टुणटुणीत चढली होती, तेव्हाच भाईंनी त्याला परवानगी दिली होती. नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटल्या, आणि बाळ बायकांच्या हातातून हातात फिरायला लागलं. जी घेईल ती बाळाच्या टाळूवर नाक ठेवायची आणि म्हणायची, "गो बाय, काय गोड वास येता!" मग दुसरी घ्यायची, तीही तेच म्हणायची.

भाई कोपऱ्यात खुर्चीवर बसले होते. इस्त्रीचा सदरा, खिशात नळी नाही. मृणाल त्यांच्यासमोर गेली आणि बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. भाई गडबडले. त्यांना लहान मूल धरायची सवय नव्हती. मग सगळ्यांनी केलं तसं तेही वाकले, आणि त्यांनी बाळाच्या टाळूवर नाक ठेवलं.

ते तसेच राहिले. बायका हसून बघत होत्या, की भाईंना किती आवडलंय बाळ. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पण मान दिसत होती. ते पुन्हा पुन्हा श्वास घेत होते.

मग त्यांनी मान वर केली आणि खोलीभर नजर फिरवली. ते मला शोधत नव्हते. कुणाला शोधत होते ते मला कळलं.

मी माणसांतून वाट काढत गेलो, त्यांच्या खुर्चीमागे उभा राहिलो, वाकून बाळाच्या टाळूचा वास घेतला, आणि भाईंच्या कानाशी तोंड नेलं. शालन आजही म्हणते, मी काय बोललो ते तिला शेजारी असून ऐकू आलं नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, असं पहिल्यांदाच घडलं.

"पेजेचो वास येता, भाई," मी म्हटलं. "उकड्या तांदळाची पेज. नुकतीच उतरलली. वरसून वायच खोबरेल तेल. आणि काशीबायच्या धुरीचो, पण खूप लांबसून."

भाईंनी डोळे मिटले. "पेज," ते पुटपुटले. मग तसेच डोळे मिटून त्यांनी विचारलं, "तूप घातलली काय बिनतुपाची?"

मी पुन्हा वाकलो आणि नीट वास घेतला. भाईंना अंदाज चालत नाही.

"तूप घातलली," मी म्हटलं.

भाईंनी मान डोलावली आणि बाळाच्या डोक्यावर हात ठेवून बसून राहिले.